महागडा कॅमेरा कपाटात ठेवून देताय? या चुका टाळा

मागच्या गणपतीत चिपळूणच्या एका मित्राचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. पाच वर्षांपूर्वी बोनसचे पैसे घालून त्याने ८५ एमएमची एफ १.४ लेन्स घेतली होती. घेतली तेव्हा आठ-दहा फोटो काढले आणि मग "लग्नाबिग्नाला काढू बाहेर" म्हणून चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली, साड्यांच्या शेजारी, आणि वर डांबरगोळ्या. पुतणीच्या बारशाला काढून बघतो तर पुढच्या काचेच्या आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. फंगस. त्याने त्या लेन्सला जेवढं जपलं तेवढं मी माझ्या एकाही लेन्सला जपलेलं नाही, पण माझ्या लेन्स दर आठवड्याला उजेडात येतात, वाऱ्यावर फिरतात, त्यामुळे काही बिघडलं तर मला लगेच दिसतं. त्याला कळायला पाच पावसाळे गेले.

कॅमेरे जमवणाऱ्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाहीये. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची २००३ साली गिनेसमध्ये नोंद झाली होती, गुरुग्रामला २०१९ पासून म्युझिओ कॅमेरा नावाचं अख्खं म्युझियम उभं आहे, आणि असा संग्रह सांभाळणं हे रोजचं काम असतं, कोणीतरी तो रोज बघत असतं. माझा जीव तुटतो तो दुसऱ्यांसाठी. फोटो काढायचे म्हणून पोटाला चिमटा काढून कॅमेरा घेतला आणि घेतल्यावर तो इतका महाग वाटायला लागला की हात लावायचीच भीती वाटते, असे लोक मला दर महिन्याला भेटतात आणि त्यांच्या चुका साधारण सारख्याच असतात, म्हणून हे लिहितोय.

बंद केस, बंद कपाट

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की फंगसला जागा मिळते, आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तो ऐंशी-नव्वदवर असतो. अंधार, साचलेली हवा आणि ओलावा धरून ठेवणारं चामडं, म्हणजे फंगसला लागतं ते सगळं आपण हाताने गोळा करून देतो. फंगस काचेवर नुसती बसत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं आणि ते काचेवरचं कोटिंग खातं. वेळेत काढली तर लेन्स वाचते, उशीर झाला तर फंगस निघते पण डाग तसाच राहतो.

डांबरगोळ्या आणि कापूर तर अजिबात नको, कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं पण मॅन्युअल वाचतो कोण. तांदळाच्या डब्यात ठेवायचा घरगुती उपायही नको, तांदळाचं पीठ बारीक असतं आणि ते लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसतं.

जमत असेल तर ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतला दमटपणा ठरवून ठेवता येतो असं कपाट, घ्या आणि चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवा. फार कमीही करू नका, रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. बजेट नसेल तर स्वयंपाकघरात मिळतो तसा रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर, माझी पहिली सात वर्षं यावरच निघाली. सिलिका जेल टाकलं की झालं असं मात्र नसतं, हे लोक विसरतात. नारंगी दाणे हिरवट झाले किंवा निळे गुलाबी झाले म्हणजे त्यांचं पोट भरलं, मग ते मंद आचेवर तापवून परत रंगावर आणायचे. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं रसायन असतं, त्यांच्यासाठी जेवणाचं भांडं वापरू नका. आणि चामड्याची केस फोटोत छान दिसते, ती वेगळी ठेवा, कॅमेरा वेगळा.

"वापरला तर खराब होईल"

या वाक्याचा हिशोब एकदा मांडून बघू. मधल्या दर्जाच्या बऱ्याच डीएसएलआर-मिररलेस कॅमेऱ्यांचं शटर, म्हणजे फोटो काढताना उघडून मिटणारा पडदा, दीड-दोन लाख फोटोंपर्यंत टेस्ट केलेलं असतं. तुम्ही महिन्याला ५०० फोटो काढले तर वर्षाचे झाले ६,०००, म्हणजे दोन लाख गाठायला तेहतीस वर्षं लागतील, आणि तोपर्यंत त्या कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा बाजारात मिळेल का शंका आहे. डिजिटल बॉडीची किंमत नवीन मॉडेल आलं की पडतेच, मग तुम्ही २०० फोटो काढलेले असोत की २०,०००, फरक पडतो पण लोक समजतात तेवढा नाही. डब्यात जपून ठेवून पैसे वाचत नाहीत, तेवढे महिने फोटो मात्र राहून जातात.

जुन्या कॅमेऱ्यांचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या लिलावात एक लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला, जगातला सगळ्यात महाग विकला गेलेला कॅमेरा. १९२३ च्या आसपास लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीने चाचणीसाठी जे सुमारे २३ कॅमेरे बनवले त्यातला तो १०५ नंबरचा, आणि तो खुद्द ऑस्कर बार्नाक यांचा, म्हणजे ज्यांनी लायका तयार केला त्यांचा स्वतःचा. व्ह्यूफाइंडरवर त्यांचं नाव कोरलेलं आहे. तो जपून ठेवायला म्हणून बनवलाच नव्हता, बार्नाक त्याने फोटो काढायचे आणि पुढच्या मॉडेलमध्ये काय सुधारायचं ते त्यातून ठरवायचे. आपल्याकडे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला बघा, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, साडी नेसून स्पीड ग्राफिकसारखा जड कॅमेरा आणि रोलीफ्लेक्स घेऊन गर्दीत फिरायच्या, म्हणून १९४७ ची दिल्ली आज आपल्याला बघायला मिळते.

सेल आत विसरणं

हे छोटं वाटतं पण मी फंगसपेक्षा जास्त कॅमेरे यानेच मेलेले बघितलेत, आणि फ्लॅश तर विचारूच नका. महिनाभर वापरणार नसाल तर साधे सेल काढून ठेवा. सेल फुटून पांढरा-हिरवा थर आला असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन टिपा, अल्कलाइन सेलचं पाणी अल्क असतं म्हणून आम्लाने निघतं, मग कोरड्या बडने पुसा. लिथियम बॅटरी वेगळी काढून अर्ध्या चार्जवर ठेवा, पूर्ण संपवून ठेवलीत तर ती परत उठेलच असं नाही.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत अजून एक भानगड असते. बऱ्याच कॅमेऱ्यांचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेलं, ते सेल आता बंद झाले, आणि १.५ व्होल्टचा टाकला की रीडिंग चुकतं. मग लोक म्हणतात कॅमेरा खराब आहे. कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं, कानाच्या मशीनचे झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतात, मापाचा बसवला की काम होतं. फक्त तो सेल एकदा स्टिकर काढला की थोड्याच आठवड्यांत उतरतो, म्हणजे परत तेच, वापरा.

नावाला भुलून जुना कॅमेरा घेणं

चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, ऑनलाइन ग्रुप, सगळीकडे फिरताना खिशात टॉर्च ठेवा. लेन्समधली पाती (उजेड कमी-जास्त करणारी) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा, जाळं, धुकं सगळं दिसतं, आणि पाती मिटवली की ती तेलकट आहेत का तेही. मग शटर प्रत्येक स्पीडला दाबा, एक सेकंद खरंच एक सेकंद वाटतो का ऐका, कारण पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचे आधी सावकाश स्पीड जातात, आतलं तेल घट्ट झालेलं असतं. मागचं झाकण उघडून कडेचा, उजेड अडवणारा काळा फोम बोटाला चिकटतो का बघा.

आणि सोनेरी, नक्षीदार किंवा नाझी चिन्हवाला 'लायका' कोणी स्वस्तात देत असेल तर तो जवळजवळ नक्कीच सोव्हिएत बनावटीचा फेड किंवा झोर्की कॅमेरा असतो, वरचं नाव खोडून नवीन कोरलेलं. लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला बघा, लायकामध्ये गोल चाक असतं, फेड-झोर्कीत बहुतेक वेळा तिकोनी जीभ. फेड म्हणून घ्यायला तो वाईट कॅमेरा नाही, पण मग पैसे फेडचे द्या.

जोर लावू नका

जुना कॅमेरा घरी आणला की लोक सगळी बटणं फिरवतात आणि तिथेच मोडतो. झोर्कीचा स्पीड बदलायचा तर आधी शटर कॉक करायचा, म्हणजे ताणून तयार ठेवायचा, मगच डायल फिरवायची. कॉम्पूर, म्हणजे लेन्समध्येच बसवलेल्या शटरवाल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत बरोबर उलटं, १/५०० सेकंदाचा स्पीड ठेवायचा असेल तर कॉक करायच्या आधी ठेवायचा, नंतर जोर लावला तर आतली स्प्रिंग जाते. जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ टायमर वापरूच नका, अडकला की शटरही अडकवतो. आणि लायका, झोर्कीसारख्या कापडी पडद्याच्या कॅमेऱ्याला लेन्सकॅप लावून ठेवा, नाहीतर ऊन लेन्समधून जाऊन पडद्याला भोक पाडतं, अक्षरशः भिंगाने कागद जाळतो तसं.

फोटो बिघडला तर आधी हे बघा

प्रत्येक फोटोत त्याच जागी काळे ठिपके: सेन्सरवर धूळ. एफ १६ ला, म्हणजे पाती बरीच मिटवून, आकाशाचा फोटो काढा, सगळी धूळ दिसेल, ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा, तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. फोटो सगळे फिकट, धुकट, उजेडाकडे बघितलं की अजूनच: लेन्समध्ये फंगस किंवा धुकं, टॉर्च मारा. फिल्मवर कडेला लाल-नारंगी पट्टे: तोच चिकट फोम, बदलून घ्या, महाग काम नाही. फिल्मवरचे फोटो गरजेपेक्षा उजळ येतात: शटर हळू झालंय किंवा लेन्सची पाती तेलाने चिकटून वेळेत मिटत नाहीयेत. बॉडीचं रबर चिकट झालंय: आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा, दमट हवेत हे होतंच.

बाहेर काढला पण तयारी नाही

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर मी एकदा लेन्स बदलली होती, भंडारा उधळत असताना. पुढचे तीन महिने प्रत्येक फोटोत पिवळसर डाग आणि झूमची रिंग करकर वाजायची, सर्व्हिसिंगला बरेच पैसे गेले. पण त्या दिवशीचे फोटो अजून माझ्या भिंतीवर आहेत आणि मी परत जातो, फक्त आता घरूनच एक लेन्स लावून निघतो, वर साधी प्लास्टिक पिशवी रबरबँडने बांधतो, आणि घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, ओलं फडकं नाही. वारीत पावसासाठीही हीच पिशवी चालते. समुद्रावरून आलात तर मात्र किंचित ओलसर कापडाने बॉडी पुसा, कारण मीठ कोरड्या फडक्याने निघत नाही, नुसतं घासलं जातं. एसीतून दमट हवेत जाताना कॅमेरा वीस-तीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं, आतूनसुद्धा.

अजून एक लेन्स घेतली की जमेल

नाही जमणार. एक महिना एकच कॅमेरा, एकच लेन्स, ३५ किंवा ५० एमएम, बाकीच्या डब्यात ठेवून बघा. दूध आणायला जाताना पण घ्या, आणि महिन्याच्या शेवटी दहा प्रिंट काढा, मोबाईलवर नको, कागदावर. त्या दहांत तुम्हाला काय कमी पडलं ते दिसेल, आणि बहुतेक वेळा ते लेन्सचं कमी पडणं नसतं, जवळ जायला संकोचलो हे असतं. ज्यांच्याकडे चार-पाच बॉड्या आहेत त्यांनी निदान पाळी लावा, दर रविवारी एक बाहेर. फिल्म कॅमेरा असेल तर रोल नसतानाही महिन्यातून एकदा सगळ्या स्पीडला दहा-पंधरा वेळा शटर दाबा.

रोल आतच

घरातला जुना कॅमेरा हातात आला तर मागचं झाकण उघडायच्या आधी रिवाइंडची चकती हलकेच बाणाच्या दिशेने फिरवा. विरोध जाणवला तर आत रोल आहे. पूर्ण मागे गुंडाळा, मगच उघडा.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा काकांचा याशिका इलेक्ट्रो ३५ आमच्याकडे आला होता. मस्कतहून आणलेला, काका गेल्यावर काकूने कपाटातून काढून दिला, रत्नागिरीच्या ओट्यावर भर दुपारी मी झाकण उघडलं आणि आत काळा-पांढरा रोल. लगेच बंद केलं. डेव्हलप करणाऱ्याने सांगितलं वरचे सगळे वेढे गेले, पण आतले, म्हणजे काकांनी सुरुवातीला काढलेले चार फोटो वाचलेत. तीन फोटो माडांचे. चौथ्यात आजी विळीवर फणस चिरतेय, हाताला तेल लावलेलं, आणि मान वर करून काकांना काहीतरी सांगतेय.