विद्यार्थ्यांची शरीरप्रतिमा जपण्यासाठी शाळेने काय करावे

आपले शरीर चांगले की वाईट, हे मूल आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यावरून ठरवू लागते आणि त्यातले बरेचसे बोलणे त्याच्या कानावर शाळेतच पडते. म्हणून शिक्षकांनी उपदेशाआधी शाळेच्या रोजच्या पद्धती तपासाव्यात.

सर्वांत आधी वजन-उंचीची नोंद पाहावी. ती आवश्यकच असेल, तर एकेका विद्यार्थ्याला वेगळे बोलावून करावी, आकडा मोठ्याने उच्चारू नये आणि त्यावर शेरा तर मुळीच मारू नये. या नोंदीवरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा काढतात. त्याचे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १९व्या शतकात माणसांच्या मोठ्या समूहांचा अभ्यास करताना मांडले. एकट्या माणसाच्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय मुलांचा बीएमआय वय आणि लिंग यांनुसार केलेल्या तक्त्यांवरच पाहावा लागतो, त्यामुळे प्रौढांचे निकष लावून एखाद्या मुलाला लठ्ठ ठरवणे शास्त्रालाही धरून नाही.

वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारणपणे ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात होते. एकाच बाकावरच्या दोघांच्या शरीरांत एवढी तफावत असणे स्वाभाविक आहे, हे ती दिसू लागण्यापूर्वीच वर्गात स्पष्ट सांगावे. अंगकाठीवरून नाटकातल्या भूमिका वाटू नयेत. ‘जाड्या’, ‘काडी’ अशी हाक ऐकताच तिथल्या तिथे थांबवावी. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकही टाळावे, कारण ज्या मुली ते नुसते ऐकतात, त्यांनाही त्यातून मोजपट्टी मिळते.

समाजाचा प्रभाव किती लवकर पडतो, हे पॅसिफिक महासागरातील फिजी या देशाच्या एका प्रांतात दिसले. तेथे भरदार अंगाला मान होता; १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली आणि १९९८ पर्यंत किशोरवयीन मुलींमध्ये वजन घटवण्याचे घातक प्रकार आढळू लागले. म्हणून जाहिरातीतील छायाचित्र वर्गात दाखवून ते कोणी काढले, त्यात काय बदलले आणि त्यातून काय विकायचे आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

एखादे मूल डबा टाळू लागले किंवा खेळाच्या तासाला सतत सबबी सांगू लागले, तर त्याच्याशी एकांतात बोलावे. वजनाचा विषय न काढता आधी त्याची विचारपूस करावी, आणि लक्षणे टिकून राहिल्यास पालकांना विश्वासात घेऊन डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत विनाविलंब घ्यावी.