सोरायसिस असेल तर तोंडही तपासून घ्या

माझ्या आत्याला बरीच वर्षं सोरायसिस आहे. दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, पण ते तिने त्वचेच्या डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरांना कोपरावरचे चट्टे दिसू नयेत म्हणून ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून जायची. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

संबंध आहे. सोरायसिस हा संसर्गजन्य रोग नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा भडकलेली राहते, त्यामुळे एरवी महिनाभराने बदलणारी कातडी काही दिवसांतच नवी होत राहते आणि खपल्या साचतात. या दाहामागे टीएनएफ, इंटरल्यूकिन-17 आणि 23 असे संदेशवाहक प्रथिनरेणू असतात. हिरड्यांचा जुनाट आजार, म्हणजे पेरिओडोंटायटिस, सुरू होतो दातांवरच्या जंतूंच्या थरामुळे, पण दाताखालचं हाड झिजतं ते बरंचसं याच दाहामुळे. म्हणून हे दोन आजार एकाच माणसात जास्त वेळा आढळतात. तंबाखू, मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्हींत भर घालतात. हिरड्या बऱ्या झाल्या म्हणजे चट्टे जातील, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सुरुवात घरीच करा. सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन बसा आणि हिरड्या बघा. सुजलेल्या, चकाकणाऱ्या आहेत का? घासताना रक्त येतं का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, फटी वाढल्यात का? मग जीभ बाहेर काढा. तिच्यावर लाल गुळगुळीत डाग आणि त्याभोवती पांढुरकी कड असेल, आणि चार दिवसांनी तोच डाग दुसरीकडे सरकलेला दिसला, तर ती नकाशासारखी जीभ. सोरायसिसच्या रुग्णांत ती जास्त दिसते. घाबरायचं कारण नाही, बहुतेकांना उपचारही लागत नाहीत; फक्त मिसळीची तर्री किंवा ठेचा झोंबतो, तेवढे दिवस तिखट कमी करा. पण दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा न जाणारा पांढरा-लाल चट्टा असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.

जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जिभेवरचे डाग डॉक्टरांकडे जाईपर्यंत गायब होतात.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: औषधांची यादी. एका कागदावर गोळ्या, इंजेक्शनं, मलमं, सगळं लिहा आणि तोच कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवा. मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेतू शकतं, आणि तोंडात फोड येणं ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. असे फोड आले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. हे औषध चालू असताना दातदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक परस्पर आणू नका, काहींशी त्याचं जमत नाही. सोरायसिसच्या इतर औषधांपैकी सायक्लोस्पोरिनमुळे हिरड्या वाढू शकतात. अॅसिट्रेटिनने ओठ आणि तोंड कोरडं पडतं. इंटरल्यूकिन-17 रोखणाऱ्या इंजेक्शनांनी काहींच्या तोंडात बुरशीचा संसर्ग होतो, कारण तोच रेणू बुरशीला आवर घालत असतो. अशा वेळी दह्यासारखा पांढरा थर दिसतो, पुसला की खाली लाल भाग. यावर उपचार आहेत. मनाने औषध बंद करू नका.

आता दातांच्या डॉक्टरांकडे. फक्त 'सफाई करा' म्हणू नका, हिरड्यांची खोली मोजून द्या म्हणून सांगा. बारीक सळईसारख्या प्रोबने दात आणि हिरडीमधली फट मोजतात. साधारण 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून खोल असेल तर लक्ष द्यावं लागतं. स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढल्याने, दात हलतात ही भीती पुण्यातही घरोघरी आहे. खरं म्हणजे दात आधीच सैल झालेले असतात, किटण निघालं की ते जाणवतं. खर्चाची चिंता असेल तर धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या दंत महाविद्यालयात जा. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ जास्त लागतो, म्हणून सुट्टी काढूनच जा. त्वचेसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

घरी मऊ ब्रश, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, हिरडीच्या कडेला तिरका धरून. जोर लावू नका. मशेरी बंद. आत्याला हेच सगळ्यात जड गेलं, आणि मला तिच्यावर रागावायचा हक्क नाही, कारण लहानपणी दुकानातून पुडी आणून देणारी मीच होते.

घसा दुखला, ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांत अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे उठले, तर तेही डॉक्टरांना सांगा. स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या घशाच्या संसर्गानंतर असं होतं, मुलांत आणि तरुणांत जास्त.

बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर तेही त्या कागदावर लिहा, सोरायसिसचा संधिवात असू शकतो. तोवर ब्रशच्या दांड्याला जुन्या सुती कापडाची जाड पट्टी गुंडाळा, पकड बसते. आत्याचा ब्रश आता तसाच आहे.