कुत्र्या-मांजराच्या तोंडात गाठ दिसली तर काय करावे

तोंडाला वास येतो, लाळ गळते, कुत्रं एकाच बाजूने चावतं. बहुतेक वेळा दोष दातांवरच्या किटणाचा आणि सुजलेल्या हिरड्यांचा असतो. कोल्हापुरात आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे रविवारच्या मटणाचं हाड. ते वरच्या दाढांच्या दोन रांगांत टाळूला आडवं अडकतं आणि कुत्रं पंजाने तोंड खरवडत सुटतं. त्रास अचानक सुरू झाला असेल तर आधी हाड शोधा. आठवड्यागणिक वाढत गेला असेल आणि अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटून पुन्हा तेच होत असेल, तर गाठ शोधा.

एक सावधगिरी सगळ्यात आधी. लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, गिळता येत नाही आणि लस झाल्याची खात्री नाही, असं कुत्रं असेल तर तोंड उघडायला जाऊ नका. रेबीज असाच दिसू शकतो. अशा वेळी थेट पशुवैद्यकांना कळवा.

घरी तोंड बघताना

दोघे जण लागतात, एक धरायला आणि एक बघायला. मोबाईलचा टॉर्च पुरतो. तोंड मिटलेलं असतानाच ओठ वर उचलून शेवटच्या दाढेपर्यंत दोन्ही बाजू बघा. निम्मी माहिती इथेच मिळते. बाहेरून दोन्ही जबड्यांवर बोटं फिरवून जाडी सारखी आहे का ते चाचपा. मग तोंड उघडा आणि खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागी बाहेरून अंगठ्याने वर दाबा. जीभ उचलली जाते आणि तिच्या खालचा भाग दिसतो. मांजरात हे चुकवू नका, कारण मांजराच्या तोंडातला कर्करोग बऱ्याचदा जिभेखालीच लपलेला असतो. गाठ दिसली तर शेजारी पट्टी धरून फोटो काढा.

संशय घ्यावा अशा गोष्टी: एकाच बाजूची वाढ किंवा जखम, बाकी तोंड स्वच्छ असताना हलू लागलेला एखादाच दात, दात काढल्यावर दोन आठवड्यांतही न भरलेली जागा, मांजराचा जाड होत चाललेला खालचा जबडा. पिल्लांच्या ओठांवर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे चामखीळ येतात, ते विषाणूमुळे असतात आणि बहुधा एक ते तीन महिन्यांत आपोआप जातात. हिरडीवरचा सपाट काळा डाग जन्मापासून असेल तर काळजी नको. तो उंचावू लागला तर दाखवा. उलट, गाठ गुलाबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मेलानोमा हा कुत्र्याच्या तोंडातला सर्वात जास्त आढळणारा कर्करोग, पण त्याच्या बऱ्याच गाठींत काळा रंग नसतोच.

कापण्याआधी नाव कळू द्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘छोटीच गाठ आहे, कापून टाकू’ म्हणून हिरडीलगत ती छाटली जाते आणि तुकडा कचऱ्यात जातो. हिरडीच्या अनेक गाठींचं मूळ हाडात असतं, त्यामुळे वरचा भाग काढला तरी ती पुन्हा येते. तोवर नाव कळलेलं नसतं, गाठीची कडा पुसट झालेली असते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा मोठी करावी लागते.

सुरुवात सुईने करावी. बारीक सुईने गाठीतल्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी काढून काचेवर पसरतात. ग्रंथी हाताला नेहमीएवढ्याच लागल्या तरी सुई घालावीच, कारण मेलानोमा न सुजलेल्या ग्रंथीतही पोचलेला असू शकतो. या साध्या तपासणीत कधी एक चांगली बातमीही मिळते. भटक्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाची संसर्गजन्य गाठ असते. ती मुख्यतः जननेंद्रियांवर येते, पण हुंगण्या-चाटण्यातून नाका-तोंडातही येते. दिसायला भयंकर आणि सतत रक्त येणारी ही गाठ व्हिनक्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा साधारण चार ते सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्र्यांत पूर्ण जाते. प्रत्येक डोसाआधी पांढऱ्या पेशी मोजाव्यात. औषध शिरेबाहेर सांडलं तर त्या जागेचं मांस सडतं, म्हणून सलाईनची सुई नीट शिरेत असल्याची खात्री करून मगच ते देतात. ज्याचा जबडा कापायचं ठरत होतं असं कुत्रंही अशा इंजेक्शनांवर बरं होऊ शकतं.

सुईने उत्तर मिळालं नाही तर भूल देऊन बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. त्याआधी रक्त तपासा, विशेषतः प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. आपल्याकडे गोचिडतापाने त्या घसरलेल्या असतात आणि तोंड मुळातच खूप रक्ताळतं. तुकडा तोंडाच्या आतूनच, पुढे जो भाग काढावा लागेल त्याच्या हद्दीत आणि खोलवर घ्यायला सांगा. वरवरच्या तुकड्यात फक्त सूज आणि मेलेल्या पेशी येतात, मग ‘इन्फेक्शन’ असा फसवा रिपोर्ट हातात पडतो. तुकडा त्याच्या दहापट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावा. बर्फात गोठवू नये. सोबत वय, जात, नेमकी जागा आणि फोटो द्यावा. त्याच भुलीत दातांचा एक्स-रे आणि छातीचे तीन बाजूंचे एक्स-रे उरकून घ्यावेत. हाडाचा बराच भाग झिजेपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून मोठी शस्त्रक्रिया ठरली तर सीटी स्कॅन करावा. सीटी किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईकडे जावं लागू शकतं. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुणे-बंगळूर महामार्गावरच आहे, आणि मुंबईत परळचं आहे.

रिपोर्टनंतर

अकँथोमॅटस अमेलोब्लास्टोमा (हिरडीत, दाताच्या मुळाशी होणारी गाठ) आला तर तो हाड खातो, पण शरीरात पसरत नाही. हाडासकट पूर्ण काढला की बहुतेक कुत्री बरी होतात. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या अस्तराचा कर्करोग) जबड्याच्या पुढच्या भागात असेल तर शस्त्रक्रियेने चांगला आटोक्यात येतो, टॉन्सिलवरचा मात्र लवकर पसरतो. फायब्रोसार्कोमा (तंतुमय ऊतींचा कर्करोग) त्याच जागी परत येण्यात पटाईत. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या कुत्र्यांत तर तो सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी दिसूनही झपाट्याने वाढतो, म्हणून ‘सौम्य’ असा रिपोर्ट आला आणि गाठ भराभर वाढत असेल तर रिपोर्टपेक्षा गाठीवर विश्वास ठेवा. मेलानोमात आकार महत्त्वाचा: 2 सेंमीपेक्षा लहान असताना काढलेल्याला वर्षाहून जास्त काळ मिळू शकतो, 4 सेंमीच्या पुढे हिशोब महिन्यांचा होतो.

शस्त्रक्रियेत गाठीभोवती किमान 1 सेंमी, आणि जमल्यास 2 सेंमी निरोगी भाग हाडासकट काढतात. ‘जबडा कापला तर खाणार कसं?’ ही भीती कुत्र्याच्या बाबतीत सहसा खोटी ठरते. दोन-तीन दिवसांत ते मऊ गोळे उचलू लागतं, फार तर जीभ एका बाजूला लोंबते. पुढचे तीन-चार आठवडे हाडं, काठ्या, चेंडू बंद आणि जखम खरवडू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर. काढलेल्या भागाच्या कडा तपासायला पाठवाव्यातच. नंतर पहिले तीन महिने दर महिन्याला तोंड आणि ग्रंथी, पुढे दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे.

मांजराचा हिशोब वेगळा

मांजरात बहुतेक वेळा स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच निघतो आणि जबड्यात किंवा जिभेखाली खोल शिरलेला असतो. फारच लवकर सापडला तर गोष्ट वेगळी, नाहीतर बहुतेक मांजरांना दोन-तीन महिनेच मिळतात, आणि हे मालकांना आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. तेव्हा ध्येय दुखणं कमी करणं आणि पोट भरणं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचू लागते, म्हणून वाट न बघता मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून घ्यावी. 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण, आणि तेही चार ते सहा वेळांत विभागून. अन्न पातळ, गाळलेलं आणि कोमट असावं. प्रत्येक वेळी आधी-नंतर 5 ते 10 मिलि कोमट पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते.

दुखण्यावर घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मेलॉक्सिकॅम किंवा पायरॉक्सिकॅम पशुवैद्यकांनी वजनावर ठरवून, मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर आणि खाण्याबरोबरच द्यावं. उलटी झाली किंवा शी काळी आली तर पुढचा डोस थांबवून फोन करा.