मुंबईतल्या जुन्या घराचा माग कसा काढायचा

आधी ठरवायचं ते हे की घर माहीमच्या खाडीच्या कुठल्या बाजूला आहे. खाडीच्या दक्षिणेला इंग्रजांचं जुनं शहर. उत्तरेकडची साष्टी (म्हणजे आजची उपनगरं ज्यावर आहेत ते बेट) मात्र १७७४ पर्यंत मराठ्यांकडे होती आणि पुढे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे अंधेरी-पार्ल्याची माहिती मुंबई शहराच्या १९०९-१० च्या गॅझेटिअरमध्ये (सरकारी माहितीग्रंथात) चाळत बसू नका, १८८२ चं ठाणे गॅझेटिअर उघडा. बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

मग जमिनीचा नंबर मिळवा. इमारतींची आणि रस्त्यांची नावं बदलतात (कॅडेल रोडचा वीर सावरकर मार्ग झाला, घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग), नंबराचा धागा सहसा तुटत नाही. शहरातल्या जुन्या खरेदीखतात शेवटच्या परिशिष्टात सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे शहराच्या भूमापनाच्या) नंबरासोबत लॉटन सर्व्हे या त्याआधीच्या मोजणीचा नंबरही असतो. तो आवर्जून टिपून घ्या, कारण त्यावरून थेट १८६५-७२ च्या नकाशापर्यंत पोचता येतं. उपनगरात सी.टी.एस. नंबर (तिथल्या भूमापनाचा नंबर) आणि मौजे दोन्ही लागतात. मौजे म्हणजे महसुली गाव, स्टेशनचं नाव नव्हे: सांताक्रूझ पूर्वेचा बराच भाग कोळे कल्याण या मौजेत येतो. मौजे चुकलं की भलत्याच जागेचं मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) हातात पडतं.

पत्रकावर ‘नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (भा)’ हा रकाना सावकाश वाचा. ‘प’ असेल तर तो भाडेपट्टा, मालकी नव्हे; ‘भा’ म्हणजे जागेवरचा कर्जासारखा बोजा. दादर-माटुंग्याला हे फार महत्त्वाचं, कारण १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तिथले प्लॉट पट्ट्याने दिले. जुनी क्षेत्रफळं चौरस वारात असतात, त्यांना ०.८३६ ने गुणलं की चौरस मीटर मिळतात. सातबारावरचा एक गुंठा म्हणजे १२१ चौरस वार.

एवढं करूनही घराचं वय कळत नाही, कारण पत्रक जमिनीचं असतं. त्यासाठी दर्शनी भिंतीवरचा आकडा बघा, पण कालगणना ओळखूनच. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरावर १९८० कोरलेलं असेल तर तो विक्रम संवत असू शकतो, म्हणजे इ.स. १९२३-२४. शक असेल तर ७८ मिळवा. तारीख जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यानची असेल तर ७९. पारशी यज्दगर्दी सनात ६३० किंवा ६३१ मिळवा.

आकडा नसेल तर पालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदी पाहा. पहिली आकारणी म्हणजे बांधकामाचं वर्ष असं मात्र धरू नका. उपनगरांचा जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा भाग १९५० मध्ये बृहन्मुंबईत आला, दहिसर-मुलुंड १९५७ मध्ये. त्याआधीची नोंद तिथल्या तेव्हाच्या स्थानिक संस्थेच्या दप्तरात शोधावी लागते.