वॉटर पार्कचा वार्षिक पास घेण्यापूर्वी काय तपासावे

वार्षिक पास घेताना आपण वर्षभराच्या सेवेचे पैसे आगाऊ मोजत असतो. त्यामुळे सवलतीचा आकडा पाहण्याआधी हे पैसे नेमक्या कोणत्या कंपनीच्या खात्यात जमा होणार आहेत, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पार्क तेच राहून मालक बदलल्याचे ठळक उदाहरण खोपोलीजवळच आहे. मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्स एंटरटेनमेंटने २०१३ मध्ये तेथे इमॅजिका सुरू केले, २०१४ मध्ये त्याला वॉटर पार्कची जोड दिली आणि २०१५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आणले. पुढे कर्जाचा बोजा पेलेनासा झाला, कंपनीचे नाव इमॅजिकावर्ल्ड एंटरटेनमेंट झाले आणि कर्जाची फेररचना होऊन २०२२ मध्ये तिचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला.

मालकी कशी बदलते, यावर पासधारकाचे बरेच काही अवलंबून असते. केवळ शेअर हस्तांतरित झाले, तर कंपनी तीच राहते आणि तिने विकलेल्या पासची जबाबदारीही तिच्यावरच राहते. मात्र जागा आणि राइड्स दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्या, तर जुने पास चालतील की नाही, हे त्या दोन कंपन्यांमधील करारावर ठरते. म्हणून पूर्वीच्या एखाद्या तिकिटाची पावती असल्यास तिच्यावरील पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक पाहावा. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की फलकावरील नावामागची खरी कंपनी कळते. ती शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर कर्जफेड आणि विक्रीविषयीच्या तिच्या घोषणाही बाजाराच्या संकेतस्थळावर वाचता येतात. हे काम जेमतेम अर्ध्या तासाचे आहे आणि चार जणांच्या कुटुंबाचे पास घ्यायचे असतील तर ते टाळू नये.

त्यानंतर हिशेब करावा. समजा, एका दिवसाचे तिकीट १,२०० रुपये आणि पास ३,००० रुपये असेल, तर दोन खेपांत पैसे वसूल होत नाहीत, तिसऱ्या खेपेपासून फायदा सुरू होतो. शिवाय लॉकर, भाड्याचा पोशाख, जेवण आणि गाडीचे इंधन हे खर्च प्रत्येक खेपेला वेगळे येतातच, त्यामुळे मुलांच्या सुट्ट्या धरून वर्षात खरोखर किती वेळा जाणे होईल, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे.

अटींमध्ये सर्वप्रथम पास न चालणारे दिवस शोधावेत, कारण मे महिन्यातील शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी वगळली असेल, तर नोकरदार कुटुंबाला त्या पासचा उपयोग फारच थोडा. मुदत खरेदीपासून मोजतात की पहिल्या प्रवेशापासून, एकाच समूहाच्या दुसऱ्या पार्कमध्ये तो चालतो का आणि दुरुस्तीसाठी पार्क बंद राहिल्यास मुदत वाढते का, हेही विचारावे. लहान मुलांचा दर अनेक ठिकाणी वयावर नव्हे, तर उंचीवर ठरतो. वर्षाच्या मध्येच मूल उंचीची मर्यादा ओलांडेल असे दिसत असेल, तर तोच पास चालेल का, याचे उत्तर ईमेलने लेखी घ्यावे.

अटींचे पान खरेदीच्याच दिवशी पीडीएफ करून पावतीसोबत जपावे, कारण संकेतस्थळावरील मजकूर पुढे बदलू शकतो. प्रवेश नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवावी. त्यानेही न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. त्यासाठी पार्कच्या गावी जावे लागत नाही.