युवा नेतृत्व संस्थेसाठी शासकीय अनुदान: प्रस्तावापूर्वीची तयारी

मुंबई विद्यापीठात युवा नेतृत्व प्रशिक्षणाची संस्था उभारून तिच्यासाठी शासनाकडे अनुदान मागायचे असेल, तर मंत्रालयाची पायरी चढण्यापूर्वी आपल्याच विद्यापीठात काय चालले आहे ते नीट पाहून घ्यावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून सुरू आहे आणि तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. आजीवन अध्ययन व विस्तार विभागही आहेच. त्यामुळे ‘शिबिरे घेऊ’ एवढ्या उत्तराने भागणार नाही. महापालिकेचा अर्थसंकल्प वाचणे, ग्रामसभेत ठराव मांडणे, माहिती अधिकाराचा अर्ज करून पाठपुरावा करणे अशी नेमकी कौशल्ये प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर यावीत.

वयोगटही तिथेच स्पष्ट करावा. केंद्राच्या २०१४ च्या युवा धोरणात तो १५ ते २९ वर्षे आहे, तर राज्याच्या २०१२ च्या धोरणात १३ ते ३५. ज्या योजनेतून निधी मागतो, तिची व्याख्या धरावी.

त्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यासक्रमासाठी विद्यापरिषदेचा आणि जागा, पदे व खर्च यांसाठी व्यवस्थापन परिषदेचा ठराव घ्यावा, आणि दोन्हींच्या प्रमाणित प्रती जोडाव्यात. मी पूर्वी काम केलेला एक प्रस्ताव केवळ ठरावाची प्रत नाही म्हणून परत आला होता आणि त्यात आमचे एक आर्थिक वर्ष गेले. राज्याचा अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो, म्हणून मागणी आधीच्या पावसाळ्यातच शासनाच्या संबंधित विभागाकडे पोहोचलेली बरी.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो खर्चाच्या अंदाजपत्रकाला. इमारत, संगणक, फर्निचर हा अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा खर्च मांडायला सोपा असतो आणि उद्‌घाटनाच्या फोटोत दिसतोही. पण संस्था चालते ती दरवर्षी होणाऱ्या आवर्ती खर्चावर, म्हणजे प्रशिक्षकांचे वेतन, विद्यावेतन, वीज आणि प्रवास यांवर. किमान पाच वर्षांचा आवर्ती खर्च वर्षवार लिहावा, त्यातील विद्यापीठाचा वाटा किती हे आकड्यात सांगावे, आणि मंजूर पदांशिवाय केवळ कंत्राटी मनुष्यबळावर संस्था उभी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दरवर्षी माणसे बदलली की युवकांशी जोडलेले नातेही तुटते.

हिशेबाची व्यवस्था पैसे येण्याआधीच लावावी. केंद्राचे अनुदान असल्यास सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत नमुना १२-अ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे मंजूर कामासाठीच वापरल्याचा दाखला, द्यावे लागते आणि अनुदानावर मिळालेले व्याज शासनाकडे भरावे लागते. त्यामुळे स्वतंत्र खाते, स्वतंत्र रोकडवही आणि मालमत्ता नोंदवही पहिल्या दिवसापासून असावी.

शेवटी निवासाचा प्रश्न. विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहर व उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. सावंतवाडीहून कोकण रेल्वेने येणारी विद्यार्थिनी विद्यापीठाच्या कलिना परिसरातील सत्रासाठी मुंबईत कुठे राहील, याची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत असावी. रत्नागिरी उपपरिसरात सत्रे घ्यायची असल्यास तिथल्या सभागृहाचे संमतिपत्र प्रस्तावासोबतच जोडावे.