लुईव्हिलच्या व्हिस्की रोवर जुन्या पेढीचा हात कसा ओळखायचा

केंटकीतल्या लुईव्हिल शहरात वेस्ट मेन स्ट्रीटच्या उत्तर बाजूला १०१ ते १३३ क्रमांकांच्या इमारतींची रांग आहे. हीच व्हिस्की रो. बर्बन या मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या आणि वखारी इथे होत्या. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला वास्तुविशारद हेन्री व्हाइटस्टोन १८५३ मध्ये आयझाया रॉजर्स या वास्तुविशारदाबरोबर या शहरात आला. १८८१ मध्ये तो निवृत्त झाल्यावर त्याच्या हाताखालच्या डी. एक्स. मर्फीने काम पुढे चालवलं. आज लकेट अँड फार्ली म्हणतात ती हीच पेढी. चर्चिल डाउन्स शर्यतीच्या मैदानावरचे प्रसिद्ध जोडमनोरे (१८९५) मर्फीच्याच कचेरीत आखले गेले.

या पेढीचा ठसा शोधायचा तर शैली आणि कागद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शैलीवरून फक्त अंदाज बांधता येतो, श्रेय कागदावरूनच द्यायचं.

सुरुवात सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून करा. तिथली एल अँड एन (लुईव्हिल अँड नॅशव्हिल) रेल्वेची कचेरी (१८७७) व्हाइटस्टोनची आहे, त्यामुळे तुलनेला पक्का नमुना हाती येतो. इटालियन राजवाड्याच्या धर्तीची मांडणी पाहा: मजल्यांवर मजले रेषेत, खिडक्या ओळीने, त्यांवर ठसठशीत कपाळपट्ट्या आणि माथ्यावर पुढे झुकलेली जड कंगणी. फर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याचं गॉल्ट हाउस हॉटेल (१८६९) होतं, ते १९२१ मध्ये पाडलं. म्हणजे रांगेच्या दोन्ही टोकांना एकाच माणसाच्या मोठ्या इमारती होत्या. मधल्या व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या आखणीकारांनी कशाशी बरोबरी करायची, हे त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. पेढीचा खरा प्रभाव मला इथे दिसतो. सही असलेल्या इमारतींच्या मोजणीत तो सापडत नाही.

सोबत दुर्बीण, टेप आणि कापडात गुंडाळलेलं छोटं पण जोरदार चुंबक घ्या. उन्हाळ्यात सकाळी दहा-साडेदहाला जा. तेव्हा ऊन दक्षिणमुखी भिंतींना घासत जातं आणि नक्षीचे उंचवटे स्पष्ट दिसतात. दुपारी सगळं सपाट दिसतं.

आता तळमजला. दुकानाच्या पातळीवर बहुतेक बिडाचे खांब आहेत. बीड दाबाला चांगलं, म्हणून बारीक खांबांवर वरच्या विटांचं ओझं पेलता येतं आणि खाली रुंद दरवाजे ठेवता येतात. पिंपांच्या धंद्याला ते हवंच: आजचं ५३ गॅलनचं (सुमारे २०० लिटर) भरलेलं पिंप सव्वादोनशे किलोंच्या वर जातं. चुंबक चिकटलं म्हणजे बीडच, असं मात्र धरू नका. वरची कंगणी पुष्कळदा पत्र्याची असते आणि तिलाही चुंबक चिकटतं. बोटाने ठोका: पत्रा पोकळ, टणटणीत वाजतो, बीड जड आवाज देतं. जस्ताच्या नक्षीला चुंबक चिकटतच नाही. रंगाचे थर जाड असतील तर चुंबकाची पकड सैल पडते, तेव्हा कडेला पातळ रंगाची जागा शोधा; खरवडू नका. खांबाच्या तळाशी ओतकामाच्या कारखान्याचं नाव उठावात असेल तर फोटो घ्या. स्नीड आणि मर्झ हे दोन्ही लुईव्हिलचेच कारखाने होते. हे नाव लोखंड ओतणाऱ्याचं आहे, इमारत आखणाऱ्याचं नाही. इथे नवखे हमखास फसतात.

पुढचा प्रश्न: दर्शनी भागामागे काय आहे? २०११ मध्ये या रांगेतल्या इमारतींचं पाडकाम टळलं ते तडजोडीने, आणि काही ठिकाणी फक्त दर्शनी भिंत राखली गेली. जुलै २०१५ च्या आगीत १११, ११३ आणि ११५ या इमारती होरपळल्या. म्हणून खिडकीतून आत पाहा. मजल्याची पातळी खिडकीच्या उंबऱ्याशी जुळत नसेल, किंवा काचेमागून तुळई आडवी जात असेल, तर आतलं बांधकाम नवं समजा. मग मागच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर जा. जमीन नदीकडे उतरते आणि मागची बाजू कमी सजवलेली असते, त्यामुळे जुनी वीट कुठे संपते ते तिथे लवकर कळतं. १०१ चं हॉटेल डिस्टिल जे. टी. एस. ब्राउन या व्हिस्की-व्यापाऱ्याच्या वखारीच्या दर्शनी भागामागे उभं आहे. ११९ मध्ये ओल्ड फॉरेस्टर या बर्बनची भट्टी २०१८ पासून चालते, आणि ती बनवणाऱ्या ब्राउन-फॉरमन कंपनीची कचेरीही १८८२ पासून दारूबंदीपर्यंत इथेच होती.

वेस्ट मेन स्ट्रीटवरची ८०१ क्रमांकाची फोर्ट नेल्सन इमारत (१८९०) रांगेपासून दूर असली तरी चुकवू नका. तिची भिंत मेन स्ट्रीटकडे २३ इंच कलली होती. मिक्टर्स या व्हिस्की कंपनीने २०१९ मध्ये तिथे भट्टी उघडली, त्याआधी आत सुमारे चार लाख पौंड (१८० टन) पोलाद घालून ती सावरावी लागली. हे काम लुईव्हिलच्याच जोसेफ अँड जोसेफ या पेढीचं. ही १९०८ ची, म्हणजे व्हाइटस्टोनच्या परंपरेहून वेगळी. जुन्या दोन पेढ्यांची सरमिसळ करू नका.

शेवटी कागद. सॅनबॉर्नचे विमा-नकाशे (आगीच्या विम्यासाठी काढलेले इमारतवार नकाशे) काढा: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा लाकूड, निळा दगड, करडा लोखंड. प्रमाण एका इंचाला ५० फूट, त्यामुळे टेपने घेतलेली रुंदी लगेच पडताळता येते. मग कॅरनच्या शहर-निर्देशिकेत त्या वर्षीचा भाडेकरू शोधा. इथे एक खाच आहे: १९०९ मध्ये लुईव्हिलचे घरक्रमांक बदलले. त्याआधीच्या कागदावरचा क्रमांक आजच्या दारावर लावलात तर भलतीच इमारत हाती येईल. आधी नकाशावर चौक आणि कोपऱ्यापासूनचं अंतर जुळवा, क्रमांक नंतर.

नोंदवहीत दोन रकाने आखा: ‘कागदाने सिद्ध’ आणि ‘व्हाइटस्टोनच्या वळणाची’. करार, नकाशा किंवा त्या काळच्या वर्तमानपत्रातली बातमी मिळेपर्यंत इमारत दुसऱ्याच रकान्यात राहू द्या.